एका चाकावरचा नमस्कार

शनिवार, कात्रप

डोकं फिरलंय नुसतं. मी आणि हितेश वर्षभर त्या एका चाकाच्या रोबोला जागच्या जागी उभं राहायला शिकवत होतो. ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला चाक पळवायचं, म्हणजे तोल सावरतो. एवढंच, पण त्यात जीव गेला. आज सकाळी कॉलेजच्या प्रदर्शनात तो एकदाचा शांत उभा राहिला, तर आमचे विभागप्रमुख सर विचारतात, "अगं, हा नुसताच उभा आहे. काही करत नाही का?"

अहो, उभं राहणं हेच तर त्याचं काम!

मग प्रमुख पाहुण्यांसमोर उद्घाटन. सरांनी नारळ फोडला आणि झेंडूचा ओला हार रोबोच्या गळ्यात घातला. म्हटलं, "सर नको, वजन पुढे जाईल." तर म्हणे, "देवाला चालतो, याला का नाही?"

हाराने तो पुढे कलला. सावरायला पुढे पळाला, पळतच राहिला आणि सतरंजीला अडकून थेट पाहुण्यांच्या बुटांपुढे तोंडावर आपटला. पाहुणे खूश! "वा, नमस्कारही करतो!" टाळ्या. सर लगेच माइकवर, "आमच्या मुलांनी खास बसवलंय." लाज कशी वाटत नाही? हितेश कानात म्हणतो, "छोड ना यार, ताली तो बजी."

मग त्या हारालाच डिग्री द्या की.

निघताना सर म्हणाले, "उद्या पालक येणार आहेत. ताजा हार मी आणतो. नमस्कार तेवढा जरा हळू करू दे त्याला."

आणि मी काय म्हटलं? "हो सर."