बाळंतिणीच्या कोंबड्या

८ जानेवारी
गोठवलेली कोंबडी आणली. शिक्का, तारीख, सगळं असलेली. आईनं दोन बोटांनी उचलली. "हे मढं कुणी आणलं घरात?" म्हटलं, तपासलेलं असतं. "कुणी तपासलं? जिवंत कापली की मेलेली, तू होतीस बघायला?" नशवा पोट धरून हसत होती. माझी धाकटी बहीण, आठवा महिना, नवरा कुवेतला. मढं बोक्याला गेलं.

९ जानेवारी
आईबरोबर फतूहकाकांच्या जिवंत कोंबड्यांच्या दुकानात. तिचा नेहमीचा खेळ! पिसांत फुंकर मारून कातडी बघायची, छातीचं हाड चाचपायचं, डोळ्यात डोळा घालायचा. "ही झोपाळू आहे. दुसरी दाखवा."
काका (हज केलेल्या आईला सगळे हज्जाच म्हणतात): "अहो हज्जा, नवरा निवडताना एवढं बघितलं होतंत का?"
"बघू दिलं असतं तर!"
रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. सुरी, रक्त, पिसं काढायचं यंत्र, हवेत भुसकट. मी नाकावर ओढणी धरून उभी. "लेखिकाबाईंना वास येतोय," काका म्हणाले.
घरी येऊन कथा सुरू केली, कोंबडीच्या बाजूनं. फाडली.

१२ जानेवारी
गच्चीवर आईच्या गावठी कोंबड्या — नशवाच्या बाळंतपणासाठी. तेव्हा रोज सूप, आणि ते बाजारच्या कोंबडीचं चालत नाही. आपल्या हातचा दाणा खाल्लेली हवी. आज एक मान टाकून बसलीय. तुरा जांभळा.

१३ जानेवारी
आई सुरी घेऊन धावली. अक्षरशः धावली! आमच्या दमनहूरच्या सगळ्याच बायका अशा धावतात — मरायच्या आत कापली तर हलाल, मेली तर फेकायची.
मी ओरडले, "बर्ड फ्लू असेल! आजारी आहे ती!"
"म्हणूनच तर घाई!"
जेवताना मी नशवाचा वाडगा हिसकावून मोरीत ओतला. आई: "एवढं उकळलं, त्यात काय जिवंत राहणार?" मी हटले नाही. नशवा रुसून, नुसता पाव खाऊन झोपली.
जिंकले!

१४ जानेवारी
सकाळी नशवा म्हणते, "सुपाला काय घाबरतेस गं? पिसं तर सगळी मीच काढली. मांडीवर घेऊन, बसल्या बसल्या."
रोग सुपातून नाही, पिसांतून लागतो. मी वाडग्याशी भांडत होते.
गच्चीवर आणखी तीन मेल्या.

१७ जानेवारी
नशवाला ताप.

१८ जानेवारी
सरकारी दवाखाना. डॉक्टर माझ्याच वयाचा. "घरी कोंबड्या आहेत? आजारी, मेलेल्या?"
आई एका दमात — "छे हो! आम्ही गोठवलेलंच खातो."
चादरीखाली तिनं माझं मनगट दाबलं. शेजारच्या खाटेवर आमच्याच गल्लीतली बाई कान देऊन. आई का खोटं बोलली ते मला माहीत होतं. मागच्या हिवाळ्यात एका घरानं खरं सांगितलं, तर गोणपाटं घेऊन सरकारी माणसं आली, कोंबड्या भरल्या आणि अख्ख्या गल्लीच्या गच्च्या रिकाम्या करून गेली. त्या घराशी अजून कुणी बोलत नाही.
डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे.
साधा ताप असेल. असेलच.

१९ जानेवारी
तिला श्वास पुरत नाहीये. मी लिहितेय! इथं लिहिलं म्हणजे कुणाला सांगितलं असं होत नाही.

२० जानेवारी
सांगितलं. डॉक्टर ओरडला नाही, तेच वाईट. "यावरचं औषध पहिल्या दोन दिवसांत द्यायचं असतं. मी परवा विचारलं होतं ना?" लगेच सुरू केलं.
संध्याकाळी गोणपाटवाले आले. आईनंच दार उघडलं. गल्लीत कुणीतरी थुंकलं.

२३ जानेवारी
पोट फाडून मुलगी काढली. काचेच्या पेटीत आहे, मुठीएवढं तोंड. नशवाच्या घशात नळी. तिला मुलगी दाखवता आली नाही.

२५ जानेवारी
नशवा गेली.

२९ जानेवारी
सांत्वनाला कुणी फारसं आलं नाही. आई आज पहिल्यांदा बोलली, भिंतीकडे तोंड करूनच —
"मला कळत नव्हतं गं. तुला कळत होतं ना?"