दहा दिवस म्हशींविना

आप्पा, आम्ही इटलीला चाललोय. तुमची सून, मी आणि लेक. पावसाळा सरला की निघायचं ठरलंय. हे सगळं सुरू झालं त्याला आता तीन-चार महिने होत आले. लेक पुण्याहून आली होती. तिनं जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि समुद्रात पाय सोडून बसल्यासारखा तो लांबोडका देश दाखवला. "आधी आईला विचारा, तिला काय हवंय," ती म्हणाली. तुमच्या सुनेनं पिठाचे हात पदराला पुसले आणि पाठ केल्यासारखं सांगून टाकलं, "मला ऊन पडलेला समुद्र पाहिजे. पायी हिंडता येतील अशी जुनी गावं पाहिजेत. अन् सकाळी मला कुणी उठवायचं न्हाई." चोवीस वर्षं ती पहाटे गोठ्यात उभी आहे, आप्पा. तिनं इतकं सरळ काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

लेकीनं बोट फिरवत रस्ता सांगितला. नेपल्सला उतरायचं, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पॉम्पेई बघायचं, मग अमाल्फीच्या किनाऱ्याला जायचं, तिथं कड्यावर लिंबाच्या बागा आणि खाली निळं पाणी, आणि शेवटी रोम. मी आपलं किनाऱ्याच्या जरा खाली बोट ठेवलं. "हितं काय हाय?" "तिथं ग्रीकांची जुनी देवळं आहेत बाबा," ती म्हणाली, आणि हसू दाबत पुढं म्हणाली, "आणि म्हशी." मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच, आप्पा! पिझ्झ्यावर घालतात ते चीज मूळचं म्हशीच्या दुधाचं, आणि ते जिथं बनतं ते गोठे लोकांना बघायला खुले असतात. मी खुर्चीत पुढं सरकलो तशी तुमची सून म्हणाली, "म्हशी बघायला इमानात कशाला बसायचं? शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात चला की, मी डबा करून देते."

त्या बाजारात तुमचं आयुष्य गेलं. रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं धरून सौदा करताना तुमच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. तो चेहरा मी एकदाच पार बदललेला पाहिला. अलिबागकडच्या एका वाडीवाल्यानं तुमच्याकडून म्हैस घेतली होती, आणि ती पोचवायला जाताना तुम्ही आईला आणि मला टेम्पोत घेतलं. वाडी समुद्राला लागूनच. रात्रभर उभं राहून म्हशीचे पाय आखडलेत म्हणून तुम्ही तिला खाली उतरवता, आणि तिला पाणी दिसतं. पुढं ती आणि मागं दोर धरून तुम्ही, धोतरासकट कमरेपर्यंत. म्हैस खुशाल लाटेत बसली. डोक्यावरून पाणी गेलं की दचकायची, आणि पुन्हा तिथंच. तुम्ही ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकलात आणि ओरडलात, "अगं, हे तर लई खारं हाय!" आई वाळूत बसून पोट धरून हसत होती. ती तशी हसू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मग म्हैस मालकाच्या दावणीला बांधली आणि तुम्ही म्हणालात, "चला." आई म्हणाली, "जरा बसू की. परत कवा येनार हाय?" "घरी जनावरं वाट बघत्यात," तुम्ही म्हणालात, आणि ती उठली. माडांच्या आड समुद्र दिसेनासा होईपर्यंत ती टेम्पोतून मान वळवून बघत होती. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. मलाही तेच करावं लागलंय. तुमच्या सुनेनं तिच्या सख्ख्या भावाचं लग्न दोन धारांच्या मधल्या वेळात उरकलं.

त्यामुळं इटलीचं सगळं येऊन अडलं ते थोरल्या म्हशीपाशी. बाकीच्यांना यंत्र चालतं, गडी चालतो. ही मात्र तुमच्या सुनेशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. तेवढ्यात केडगावहून ताई आली. तुमची लेक आता बँकेतून निवृत्त झालीय, गुडघे दुखतात, पण आवाज तुमचाच. "जा रे तुम्ही, दहा दिवसांचं काय घेऊन बसलाय? मी राहते." पहिल्या संध्याकाळी ती कासेला हात लावते न लावते तोच म्हशीनं लाथ झाडली आणि बादली भिंतीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. थोरल्या म्हशीची कास तटतटलेली, ताईच्या चष्म्यावर शेण. तुमची सून शांतपणे बादली उचलत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मुकं जनावर हाय, त्याचे हाल करून मला कुठं जायचं न्हाई." आणि तिनं भिंतीवर लावलेलं अमाल्फीचं चित्र काढून कपाटात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ताईनं कुणाला न विचारता दांडीवरचं तुमच्या सुनेचं धारेचं लुगडं घेतलं, न धुतलेलं, शेणादुधाच्या वासाचं. ते अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि तुम्ही करायचात तसा जिभेनं टक् टक् आवाज करत म्हशीजवळ बसली. म्हशीनं मान वळवली. हुंगलं. ताईचा खांदा चाटला. आणि मग बादलीत धार वाजली! मी, तुमची सून आणि सुटीला आलेली लेक, तिघं दाराआड उभे. तुमची सून आधी हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "एका लुगड्यात इसरली व्हय गं मला?" ताई आतून ओरडली, "आता तुझ्या बायकोला म्हणावं, रोमहून येताना माझ्यासाठी चांगली पर्स आण!"

अमाल्फी पुन्हा भिंतीवर आलंय. मुंबईला जाऊन व्हिसाचं काम झालं, तिकिटं आली. तह असा झालाय की म्हशींच्या गोठ्यावर मी आणि लेक जाणार, आणि तुमची सून त्या दिवशी किनाऱ्यावर बसून राहणार. "अन् मला उठवायला यायचं न्हाई. मी माझ्या मनानं उठंन," असं तिनं बजावलंय. मी कबूल केलं. अंधार पडला तरी चालेल.

तुम्ही गेलात, आता हा कागद पाठवायला पत्ता नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. पण एक गोष्ट घरात कुणाजवळ बोलता येईना म्हणून लिहायला बसलो. मला विमानाची भीती वाटते, आप्पा. गावभर सांगत फिरतोय की बायकोची हौस, मला काय, एसटीत बसल्यासारखं बसायचं. पण नुसतं आभाळात विमान दिसलं तरी तळहाताला घाम येतो. ताईला कळलं तर वर्षभर हसेल. म्हणून हा कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवणार आहे. विमान जमीन सोडेल तेव्हा खिशावर हात ठेवून बसेन. शेजारी तुमची सून असेल, आणि तिला वाटेल, मी पासपोर्ट चाचपतोय.