सरांची तिसरी आवृत्ती

सोमवार, ४ मार्च
सरांच्या शिक्षणावरच्या पुस्तकाची मुद्रितं छापखान्यातून माझ्याकडे तपासायला आली. तिसरी आवृत्ती! दुसरी तर मला तोंडपाठ आहे. तिच्यापायीच लेकीला शाळेत घातलं नाही. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं, यांनी महिनाभर अबोला धरला – मी हटले नाही.

पहिल्या आवृत्तीत सर म्हणायचे, शिक्षण म्हणजे मुलाला घडवणं, शिस्त लावणं. दुसरीत स्वतःलाच खोडून काढलं – घडवणारे तुम्ही कोण? मूल आपलं आपण वाढतं, तुम्ही फक्त वाटेतून बाजूला व्हा. मी झाले बाजूला.

पाचव्या प्रकरणात मात्र जुळणी करणाऱ्यानं घोळ घातलाय. 'शाळेला पर्याय नाही' म्हणे! सरांचं म्हणणं नेमकं उलट. खोडलं आणि दुसरीतलं वाक्य समासात लिहिलं. पुढेही तेच, पानंच्या पानं. कसली धांदरट माणसं कामाला ठेवतात!

बुधवार, ६ मार्च
छापखान्याचे मालक पोट धरून हसले. "ताई, घोळ कसला? सरांनी स्वतः बदललंय. तुम्ही अख्खं प्रकरण परत जुनं करून ठेवलंत की!"

कान गरम झाले. खोडरबर घेऊन बसले. नशीब, पेन्सिलीनं लिहिलं होतं.

गुरुवार, ७ मार्च
लेक नर्सिंगच्या चौकशीला गेली होती. सतरा वर्षांची आहे, कुणाचीही जखम न किळसता धुते, गल्लीतल्या सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करते. खिडकीतल्या बाईंनी एवढंच विचारलं – "शाळेचा दाखला?"

आल्यापासून जेवली नाही.

शनिवार, ९ मार्च
सरांकडे गेले. त्यांची नात दप्तर लावून क्लासला निघाली होती. आमच्या लेकीच्याच वयाची. सूनबाई सहज बोलून गेल्या, "पहिलीपासून शाळेत कायम वरचा नंबर!"

पहिलीपासून! म्हणजे सर सभेत आम्हाला शाळा सोडायला सांगत होते, तेव्हा घरी नातीचा डबा भरला जात होता.

सर शांत. "अगं, विचार बदलतात. काळ आता माणसाकडे कौशल्य मागतो, तर शिक्षणानं कौशल्य द्यायला हवं. उद्या काळ दुसरं काही मागेल, शिक्षणाचा अर्थ पुन्हा बदलेल."

म्हटलं, तुमचे विचार बदलले, सर – माझी लेक परत सहा वर्षांची होणार आहे का?

"मी विचार मांडला होता. तो जसाच्या तसा अमलात आणा, असं कुठे म्हटलं?"

चहा न घेता उठले. देव मानलं होतं या माणसाला! केसानं गळा कापला.

रविवार, १० मार्च
पुस्तकाला आवृत्त्या असतात. छान सोय आहे.

मंगळवार, १२ मार्च
आज लेकीला सगळं सांगितलं. सरांचा उद्धार केला, रडले, म्हटलं – फसवलं गं आपल्याला!

ती सायकलची साखळी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मी आठ वर्षांची असताना तुला म्हणाले होते, मला शाळेत जायचंय. रडलेसुद्धा. तू म्हणालीस, ही तुझी इच्छाच नाही, शेजारच्या मुलांचं बघून म्हणतेयस."

मला काहीच आठवत नाही.