रेंजचे नियम, तुझ्या भिंतीसाठी

मंगळवार, १९ जानेवारी
लाँड्रीची मागची खोली, जेवणाची सुट्टी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तू, तुझे इंजिनीयर आणि छोटी मजेत असाल असं धरून चालते. आम्ही इकडे आहोत तशाच आहोत. आईच्या हाताची पट्टी काल बदलली. शेजारच्या नर्सबाईंनी जखम पाहिली आणि दहा-बारा दिवसांत हात मोकळा होईल म्हणाल्या. म्हणजे ३१ तारखेला तू तिला न्यायला येशील तोवर बरा असेल. करंगळी अजून नीट वाकत नाही, तेवढं सोडलं तर.

इस्पितळाच्या चादरी काही संपत नाहीत. दोघीजणी रजेवर आहेत, त्यामुळे दोन महिने झाले, मी सकाळची पाळी करून घरी येते, दोन तास टेकते आणि संध्याकाळी परत जाते. पाय असे भरून येतात की चपला काढताना मीच माझ्या पायांची माफी मागते. असो. हे रडगाणं तुला पाठ आहे.

तुझ्याकडे स्वयंपाकाची नवी गॅस रेंज आली हे ऐकून बरं वाटलं. वर पाच बर्नर, खाली दोन ओव्हन, आणि मालकीणबाईंना अजून अंडं उकडायचं तर घड्याळ समोर लागतं! फोनवर म्हणालीस, ताई, सगळे नियम नीट लिहून पाठव, कागद भिंतीवर लावते, म्हणजे आई आल्यावर घोळ नको. तर घे. शाळेच्या स्वयंपाकघरातून आई निवृत्त झाली त्याच महिन्यात तिथली रेंजही काढली आणि आईने ती घरी आणली. तेव्हापासून त्या धुडाशी मी चौदा वर्षं संसार केला आहे, त्यामुळे मला थोडंफार कळतं.

आधी मागे हात घालून बघ, रेंज साखळीने भिंतीला अडकवली आहे का. बसवणारे हे हमखास विसरतात. ओव्हनचं दार उघडं असताना छोटी त्यावर चढून उभी राहिली तर अख्खी रेंज पुढे कलंडेल, वरच्या उकळत्या पातेल्यासकट. तिचा खाऊ रेंजच्या वरच्या फळीवर ठेवू नकोस. ती चढणारच. तुझीच मुलगी आहे.

ओव्हन पेटवताना आधी दार उघडायचं, मग बटण दाबून फिरवायचं. ज्योत धरली तरी बटण लगेच सोडायचं नाही, मनात दहा आकडे मोजायचे. सोडल्यावर वाकून खालच्या भोकातून पाहायचं, निळी ज्योत आहे ना. नसेल तर बटण बंद, खिडक्या उघड्या आणि पाच मिनिटं तिथून लांब. घाईघाईने पुन्हा पेटवायला जायचं नाही, आत साठलेला गॅस एकदम तोंडावर येतो. माझ्या भुवया एकदा गेल्या होत्या, आठवतं? तू महिनाभर हसत होतीस.

पातेल्यांच्या मुठी आत वळवून ठेवायच्या. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकण ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. म्हणून झाकण नेहमी हाताशी हवं. ओव्हन उघडताना तोंड बाजूला. आणि कितीही गारठा असो, खोली गरम करायला ओव्हन लावायचा नाही.

ओव्हनच्या दाराला दांडी असते, तिच्यावर काहीही वाळत घालायचं नाही. दांडी अगदी त्यासाठीच बसवल्यासारखी दिसते, पण नाही. हे मोठ्या अक्षरात लिही.

रेंज पेटलेली असताना स्वयंपाकघर सोडायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. पाठ टेकायला तर नाहीच नाही.

आता तुझा स्वतःचा नियम. आई आली की रेंजची बटणं काढून तू तुझ्या कपाटात ठेवणार, स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावणार, आणि तीन तारखेला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे तिचा नंबर लावला आहेस. घरात चार वर्षांची पोर आहे, तुझं काही चुकतंय असं कुणी म्हणणार नाही. यावर मला थोडं लिहायचं आहे, पण घंटा झाली. मशीनमधला चादरींचा घाणा काढायचाय. पुढचं नंतर.

गुरुवार, २१ जानेवारी
घर, दुपार

पत्र पर्समध्ये राहून गेलं. खोटं कशाला बोलू, राहून गेलं नाही, मी ठेवलं. अर्धंच पाकिटात घालून दोनदा टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले.

आई कशी आहे, म्हणून तू प्रत्येक फोनला विचारतेस आणि मी प्रत्येक वेळी हाताबद्दल सांगते. हात बरा आहे. आई बरी नाही. त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. दोनशे पोरांचं जेवण अकराच्या ठोक्याला तयार ठेवणारी बाई पाणी हवं असलं तरी उंबऱ्याशी उभी राहते आणि विचारते, "येऊ का गं आत?" सगळं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवते. आज वार कोणता. गोळी घेतली. दार लावलं. उशीखाली चिठ्ठ्यांचा गठ्ठा झालाय. काल जेवण होऊन तास झाला नसेल, तर मला म्हणाली, "मी जेवले ना? जेवलेय हे मला माहीत आहे, पण माझ्या माहीत असण्याचा आता काय भरवसा?"

ठमे, त्या दुपारचं सगळं तुला नर्सबाईंनी सांगितलं. मी नाही. तुझ्या हे कधी लक्षात आलं का?

ओव्हन मी लावला होता.

लिहिलं एकदाचं. आता पुढचंही लिहिते, नाहीतर कागद फाडेन.

आठवडाभर ऊन नव्हतं. माझा कामाचा पांढरा कोट ओलाच होता, दुसऱ्याची शिवण उसवलेली, आणि संध्याकाळी पाळीवर कोट नसला की मुकादम दारातून परत पाठवते. मी ओव्हन मंद लावला, दार थोडं उघडं ठेवलं आणि कोट दांडीवर टाकला. आईने उभ्या जन्मात असं केलं नसतं. रेंजपाशी साधं फडकं दिसलं तरी ती ओरडायची, "चूल जेवणासाठी, दोरी कपड्यांसाठी!" ती मागच्या खोलीत पडली होती, म्हणून तर मी हिंमत केली. स्टुलावर बसून राखण करणार होते. पाच मिनिटं पाठ टेकू म्हणून पुढच्या खोलीत गेले आणि मेल्यासारखी झोपले.

बाही घसरून आत गेली असणार. मला जाग आली ती धुराने. जाऊन पाहते तर सगळं उरकलेलं. आईने आधी बटण बंद केलं होतं, मग पेटलेला कोट ओढून सिंकमध्ये टाकला होता, वर नळ सोडला होता, खिडकी उघडली होती. त्यात हात भाजला. नीट विचार कर, हे विसरभोळ्या माणसाचं काम आहे का? पण तेव्हा कुणी विचार केला नाही. नर्सबाई धावत आल्या, त्यांच्या मागे जिन्यातली आणखी चार माणसं. रेंजसमोर आई उभी, भाजलेली. नर्सबाई पटकन म्हणाल्या, "अहो आजी, ओव्हन चालू ठेवून विसरलात की काय?"

त्या आठवड्यात दूध दोनदा उतू गेलं होतं आणि भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. मी त्यावरून तिची चेष्टाही केली होती. ती सिंककडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "ठेवला असेन. हिला संध्याकाळी कोट लागणार होता ना, मीच वाळत घातला असेन."

मी तिथे उभी होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी बर्नोल शोधायला गेले.

घाबरले होते, हे खरं. पण घाबरणं तासाभरात ओसरतं. त्या संध्याकाळी तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, "ताई, आता बास. आईला मी घेऊन जाते." मला रडू फुटलं. तू म्हणालीस, रडू नकोस, धसका घेतलायस. धसका कसला! तीन वर्षं मी तुला सांगत होते की मला एकटीला झेपत नाही, सहा महिने तरी तिला ने, आणि तीन वर्षं तुझी कधी घराची रंगरंगोटी, कधी छोटीची शाळा, कधी इंजिनीयरांची बदली. माझ्या बोलण्याने जे झालं नाही ते एका जळलेल्या बाहीने झालं. मला सुटका दिसली, ठमे. मला स्वतःची लाज वाटते, पण तेव्हा मला फक्त झोप दिसत होती. रविवारची, सबंध, कुणी हाक न मारणारी.

म्हणून मी गप्प बसले. एक दिवस, मग आठवडा. रोज वाटायचं, आई तिकडे जाईल, बरी होईल, कशाला उकरायचं? मग तू डॉक्टरांचा नंबर लावलास आणि बटणांचं सांगितलंस, आणि मंगळवारी नियम लिहिता लिहिता मला कळलं की मी हे सगळे नियम माझ्यासाठीच लिहिते आहे.

काल पाळीवरून आल्यावर तिच्या खाटेपाशी बसले आणि सगळं सांगितलं. आत्ता तुला लिहिलं तसंच, काही न लपवता. वाटलं होतं, थोबाडीत मारेल. मारली असती तर मी तिचे पाय धरले असते.

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, पट्टीचा. म्हणाली, "लहानपणी धाकटीने फोडलेल्या बरण्या तू स्वतःवर घ्यायचीस. आता माझंही घेतेस होय?"

"आई, खरंच मी केलं. तू झोपली होतीस."

"नाही गं. मला आता सगळं आठवायला लागलंय. कोट पिळला, झटकला, दांडीवर पसरला. बाही नीट दुमडायची राहिली." आणि हसून म्हणाली, "तू फार थकलीस. माझ्यासाठी खोटं बोलायचे कष्ट नको घेऊस. मी मनाची तयारी केली आहे."

न केलेली गोष्ट तिला आठवते आहे, ठमे. बाहीसकट. मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, शप्पथ घेतली. ती मला थोपटत राहिली, आजारी मुलाला थोपटतात तशी.

तर आता तुझ्याकडे मागणं आहे. तीन तारखेला डॉक्टर तिला त्या दुपारचं विचारतील आणि ती शांतपणे सांगेल, हो, मीच लावला होता. त्याच्या आधी त्यांना हे पत्र वाचायला दे. दूध उतू जाण्याबद्दल त्यांना काय वाटतं ते त्यांनी जरूर सांगावं, तपासण्या कराव्यात, वय झालंय, काही निघालं तर निघालं. पण माझा ओव्हन तिच्या नावावर नको.

बटणं काढू नकोस. छोटीची काळजी आहे तर साखळी बघ, तिला बाहेर बसव, स्वतः तिथे उभी राहा, पण रेंज आईला पेटवू दे. तुला येत नाही म्हणून सांग, ते खरंच आहे. पहिल्या दिवशी ती नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांग. ती वाकून भोकातून ज्योत बघेल तेव्हा तिचा चेहरा बघ आणि मला कळव. मला ते बघायचा हक्क उरलेला नाही, पण कळायला हवं.

हे वाचून ३१ तारखेला यायचं की नाही, ते तू ठरव. आलीस तर तिला तुझ्याकडे राहायचं आहे का हे तिला विचारून ने. तिने आग लावली म्हणून नेऊ नकोस. मी थकले आहे म्हणून न्यायचं असेल तर तसं तिच्या तोंडावर म्हण, मीही म्हणेन. ते खरं आहे, आणि ते सरळ मागायला मला लाज वाटायला नको होती. तुझ्यावर रागही आहे माझा, तो आहे तिथे आहे. त्याचं आपण दोघी बघू, त्यात आईला नको.

नियमांचा कागद वेगळा लिहून सोबत ठेवला आहे. हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाच. माझ्या तोंडून तिला पटत नाही, तुझ्या तोंडून कदाचित पटेल. थांबलीस, रडलीस तरी शेवटपर्यंत वाच, आणि खालची सहीही वाच.

ओव्हन पेटता ठेवून झोपलेली आणि आईला भाजू देऊन गप्प बसलेली,
तुझी ताई