गाणं मागण्याची रीत

३ जून २०१८, रविवार

मलाकीनं आज फिडल काढली. फीलीच्या पबात, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, सगळ्यांदेखत!

रविवारची दुपारची बैठक. मी फिडलवर, लाकडी बासरीवर पॅकी जो, आणखी दोघं-तिघं. चांगलं चाललं होतं. मलाकी माझ्या शेजारी येऊन बसला, फिडलची पेटी उघडली, गजाला राळ घासायला लागला. पॅकी जो घाईघाईनं म्हणाला, "मलाकी, एक गाणं होऊन जाऊ दे!" मागोमाग काउंटरपलीकडून डिम्फना फीली — "गाणं, गाणं!" मलाकी हसला. "गाणी पुष्कळ झाली," म्हणाला आणि गज तारांवर टेकवला.

चार धुना वाजवल्या. चारही मी त्याला लहानपणी शिकवलेल्या. ओळखू आल्या नाहीत.

माझा धाकटा भाऊ. सदुसष्ट वर्षांचा. अठ्ठेचाळीस वर्षं गातोय — बॉस्टन, शिकागो, हँबर्ग, अकरा रेकॉर्डी. मलाकी गिलमार्टिनचा चेहरा छापलेले चहाचे ट्रे मिळतात. माझ्याकडे दोन आहेत. ईस्टरनंतर कायमचा इकडे आयर्लंडमध्ये, स्लायगोला परत आला. त्याच्या घराला रंग होईपर्यंत माझ्या मागच्या खोलीत राहणार आहे. रंगारी अजून आलेला नाही.

४ जून

सकाळी साडेसातला फिडल. गायी मी गेल्याच वर्षी विकल्या. बरं झालं.

१० जून

आज मलाकीला सहा वेळा गाणं सांगितलं. सहाही वेळा तो नाही म्हणाला.

आमच्या गावात कुणाला "थांब" म्हणत नाहीत. उद्धटपणा होतो. कुणी बेसूर वाजवायला लागलं की त्याला गाणं सांगायचं. गायचं तर वाद्य खाली ठेवावं लागतं. एकदा ठेवलं की पॅकी जो पायानं वाद्याची पेटी हळूच बाकाखाली सरकवतो. सगळ्यांना ही रीत माहीत असते, ज्याला गाणं सांगतात तो सोडून. गवंडीकाम करणाऱ्या कॉनरला तीस वर्षं वाटतंय की त्याचा गळा गोड आहे.

पण गाणं सांगितल्यावर नाही म्हणणारा माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. आणि तो मलाकी! ज्याला लोक विमानानं येऊन ऐकायचे. आता काय करायचं ते कुणालाच सुचेना. तो वाजवत राहिला.

१३ जून

हे भलतंच! एकोणीस ऑगस्टला गावच्या महोत्सवात मलाकीचा सत्कार आहे. शाळेच्या हॉलमध्ये सहाशे माणसं, रेडिओवर थेट प्रक्षेपण. त्यानं समितीला कळवून टाकलं — गाणार नाही, फिडल वाजवीन. बहिणीबरोबर.

बहिणीला विचारलं नाही.

१७ जून

पॅकी जो आणि डिम्फना माझ्या स्वयंपाकघरात. चहा झाला. सोडा ब्रेड झाला. पाऊस नाही यावर बोलून झालं. दुसऱ्यांदा चहा झाला. मग पॅकी जो टोपीकडे बघत म्हणाला,

"अट्रॅक्टा, त्याला कुणीतरी सांगायला हवं गं पोरी."

मी एकाहत्तर वर्षांची आहे. तो मला अजून पोरीच म्हणतो.

"तू सांग की."

"मी? माझ्या लेकीच्या लग्नात गायला होता तो. फुकट!"

डिम्फना म्हणाली, "हे बघ, सोनारानंच कान टोचलेले बरे. फिडलमधली सोनार तू. शिवाय बहीण. सगळ्या आयर्लंडसमोर हसं होईल त्याचं. लोक अठ्ठेचाळीस वर्षांचं गाणं विसरतील आणि तेवढी पाच मिनिटं लक्षात ठेवतील."

हे मात्र खरं आहे. मला झोंबलं, कारण खरं आहे. म्हटलं, बघते.

जाताना डिम्फनानं उरलेला ब्रेड नेला.

२४ जून

सांगायला गेले. अशी सुरुवात केली — "मलाकी, मनगट जरा ताठ राहतंय तुझं."

"तारा जुन्या आहेत," तो म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं. तारा मीच परवा बदलल्या होत्या.

म्हटलं, "लोकांना तुझं गाणं ऐकायचंय रे."

त्यानं गजाला पुन्हा राळ घासली. मग म्हणाला, "लोकांना काय ऐकायचंय तेच आयुष्यभर केलं गं. आता मला काय करायचंय ते करू दे." आवाज घोगरा. ईस्टरपासूनची सर्दी अजून हटत नाही. उन्हाळ्यात गळ्याला रुमाल बांधून बसतो. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणे जाऊन आलो.

मी उठले. बटाटे उकडायला टाकले.

२ जुलै

आज हे लिहूनच टाकते. कुठं ना कुठं लिहिलेलं असावं.

१९७०. मी तेवीस, मलाकी एकोणीस. डब्लिनहून रेकॉर्ड काढणारा एक माणूस आला होता. मला ऐकायला. माझ्यासाठी! कुणीतरी त्याला सांगितलं होतं की आमच्या भागात एक पोरगी फिडल वाजवते, ती ऐकाच. फीलीच्या मागच्या खोलीत बसवला त्याला. मी निळा ड्रेस घातला होता. वाजवायला सुरुवात केली, तर मलाकी फिडल घेऊन शेजारी हजर. मी पुढं जाते, तो मागं ओढतो. दोन धुना तशाच गेल्या. त्या माणसाच्या कपाळावर आठी.  मग मी गोड आवाजात म्हटलं, "मलाकी, एक गाणं म्हण ना."

त्यानं फिडल ठेवली आणि गायला.

त्या माणसानं हातातला पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तीन आठवड्यांनी मलाकी डब्लिनला गेला.

मी अकरा वर्षं चिडलेली होते. कुणाला दाखवलं नाही. मग आईचं आजारपण, गायी, ही ना ती कामं, राग ठेवायला जागा उरली नाही. त्याचं गाणं रेडिओवर लागलं की मी आवाज वाढवायचे. अभिमान होता. आहे. पण त्याच्या नशिबाची गुरुकिल्ली माझं खोटं बोलणं होतं, हे त्याला माहीत नाही. आणि तेच खोटं मोडून आता सांगायचं, की बाबा रे, तुला फिडल कधीच येत नव्हती?

नाही होणार माझ्याच्यानं.

११ जुलै

बागेला पाणी घालायला सरकारी बंदी. आयर्लंडमध्ये! गवत पिवळं पडलंय. मलाकी रोज पाच तास वाजवतो. गवताचा त्याच्याशी संबंध नसावा.

२९ जुलै

महोत्सवाची पत्रकं लागली. "मलाकी आणि अट्रॅक्टा गिलमार्टिन — दोन फिडली." खाटीक, पोस्टातली बाई, फादर — सगळे मला बाजूला घेऊन विचारतात, "गाणार ना पण तो?"

फादरांनी तर सांगितलं, प्रार्थना करतो म्हणून. कसली ते सांगितलं नाही.

१२ ऑगस्ट

सुचलं! एकदा जमलं ते पुन्हा का जमू नये? स्टेजवर एक धून होऊ द्यायची. मग मी माइकवरच म्हणायचं — मलाकी, एक गाणं! सहाशे माणसं टाळ्या वाजवतील. रेडिओ चालू असेल. नाही म्हणायची सोयच नाही. तो गाईल, सगळे रडतील, त्याची लाज राहील. सांगायची गरजही पडणार नाही.

पॅकी जो म्हणाला, "पोरी, तू बाप्या असतीस तर पंतप्रधान झाली असतीस."

१८ ऑगस्ट

उद्या. निळा ब्लाउज इस्त्री केला.

१९ ऑगस्ट

आज लिहवत नाही.

२० ऑगस्ट

पहिली धून जशी व्हायची तशी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फार चांगले लोक आहेत. पुढच्या रांगेतला कॉनर छताकडे बघत होता.

मग मी माइकपाशी वाकले. गोड आवाज काढला. "मलाकी, एक गाणं म्हण ना."

हॉल उठून उभा राहिला! टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. मलाकीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गाडी अंगावर येताना माणूस बघतो तसं. फिडल खुर्चीवर ठेवली, माइकपाशी गेला, तोंड उघडलं.

हवा आली. नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. बिजागरी करकरावी तसं काहीतरी वाजलं आणि बंद पडलं.

मला तेव्हा कळलं. सर्दी, रुमाल, चार महिने सकाळ-संध्याकाळ हळू आवाजात बोलणं — एका क्षणात सगळं. मी बहीण! एका घरात राहते!

लोकांना वाटलं त्याला गहिवरून आलं. मागून कुणीतरी त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं सुरू केलं आणि सहाशे जणांनी ते म्हटलं, अखेरपर्यंत. तो माइक धरून उभा राहिला. बायका रडत होत्या. रेडिओचा माणूस नंतर माझा हात हातात घेऊन म्हणाला, संपूर्ण महोत्सवातला सर्वोत्तम क्षण. कुणाची कल्पना?

म्हटलं, माझी.



२१ ऑगस्ट

सकाळी फिडल वाजली नाही. साडेसात, आठ, नऊ. इतकी वाईट शांतता मी कधी ऐकली नव्हती.

दहाला आला आणि टेबलापाशी बसला. रुमाल सोडला. खाली लाल रेघ. फेब्रुवारीत डब्लिनला शस्त्रक्रिया झाली. घशातली गाठ काढली, माणूस वाचला. गाणं गेलं. कायमचं.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी कीव करून वाजवू दिलं असतं." घोगरं, तुटक. "बेसूर म्हणून गाणं मागत होतात, ते बरं होतं. निदान खरं होतं."

माझ्या हातातली किटली हातातच राहिली. "तुला ती रीत माहीत आहे?"

"अगं, या गावात जन्मलोय मी."

"म्हणजे सत्तर साली —"

"तेव्हाही. तू इतकं गोड कधी बोलायचीस का? कळलंच मला. इतका संतापलो होतो, अट्रॅक्टा! म्हटलं, थांब, असा गातो की तुझ्याकडे कुणी बघणार नाही." चहा ओतून घेतला. "आणि मग खरंच कुणी बघितलं नाही. ते काही मला हवं नव्हतं. पण गाडी सुटली होती."

अठ्ठेचाळीस वर्षं दोघं एकमेकांची लाज सांभाळत बसलो. मी रडले. तोही. मग सॉसेज तळले.

दुपारी म्हटलं, "फिडल आण. मनगट ताठ राहतं तुझं. तारांचा काही दोष नाही."

९ सप्टेंबर

रोज दोन तास शिकवणी. गज धरण्यापासून. ऐकत नाही, वाद घालतो, पाचव्या वर्षी होता तसाच आहे. गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत मला इतकी मजा आली नव्हती. हे खरं लिहिते.

पॅकी जोला आणि डिम्फनाला सगळं सांगितलं. डिम्फना म्हणाली, "आणि मी मेली काउंटरवरून ओरडत होते!" केक घेऊन आली. उरलेला नेला नाही.

२७ सप्टेंबर

मलाकीची एक धून बसली. साधी, संथ, पण सरळ. अखेरपर्यंत गेली!

मी जलद रीलमधली — नाचाच्या धुनेतली — एक हरकत दाखवत होते, तर मधलं बोट वेळेवर पडेना. पुन्हा दाखवली. पुन्हा नाही. हवा दमट झाली आहे, त्यामुळं असेल. मलाकी म्हणाला, राहू दे, कळलं मला.

७ ऑक्टोबर, रविवार

फीलीकडे बैठक. मलाकीनं त्याची धून पूर्ण वाजवली. कुणी गाणं मागितलं नाही. पॅकी जोनं टोपी काढली.

मग मी माझी नेहमीची रील धरली. लहानपणापासूनची. दुसऱ्या फेरीत पॅकी जोची बासरी थांबली. डिम्फना ग्लास पुसत होती, तोच ग्लास, पुन्हा पुन्हा. कॉनर छताकडे बघत होता.

मलाकीनं माझ्या कोपरावर हात ठेवला. घोगऱ्या आवाजात, अगदी गोड म्हणाला, "अट्रॅक्टा, एक गाणं म्हण ना."

मी फिडल खाली ठेवली आणि गायले.