तिसरा सिलिंडर चालत नाही

आदरणीय लॅडीमामा,

ॲश्टबुलाहून एमिलचा नमस्कार. इकडे आई, मी आणि तुमची लाल गाडी अशा तिघांपैकी दोघांची प्रकृती बरी आहे. तुमच्या डाव्या गुडघ्याला फ्लोरिडाचं ऊन मानवत असेल अशी आशा करतो. (मानवत नसेल तर तसं मोकळेपणाने कळवावं. दमट हवेत गुडघे उलट जास्त दुखतात, असं आईने कुठेतरी वाचलंय. कुठे, ते तिला आठवत नाही.) एप्रिल लागला तरी सरोवरावरून बर्फ येतोच आहे. काल पत्रपेटीचं झाकण गोठलं होतं, ते गरम पाणी ओतून उघडलं. आत वर्नामामीच्या नावाने बियाण्यांचं सूचिपत्र आलं होतं. ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलंय. टाकून द्यावं की नाही, हे मी ठरवणं बरोबर दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या जिवाला घोर नको. गाडी विकली गेली नाही. ईरी गावचं गिऱ्हाईक, मिस्टर किर्श, ठरल्याप्रमाणे शनिवारी आले, पंधरा मिनिटं थांबले आणि निघून गेले. दोष माझा आहे. तो कसा घडला ते क्रमाने लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘मुद्द्यावर ये’ म्हणता आणि मग मला मुद्दाच आठवत नाही.

जानेवारीत तुमचा फोन आला, की मी आता इकडे फ्लोरिडातच राहतो, मामीशिवाय त्या घरात येऊन काय करू; आधी गाडी विकू, मग घराचं बघू. मी ‘बरं’ म्हणालो. (अकरावीत शाळा सुटली तेव्हा मुख्याध्यापकांनाही मी ‘बरं’च म्हणालो होतो. त्या दिवशी तुम्ही मला गॅरेजमध्ये नेऊन हातात पाना दिलात आणि शाळेबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत, हे मी विसरलेलो नाही.) फोन ठेवल्यावर मी विचार केला. घरातले पाइप गोठू नयेत म्हणून मी इथे राहतोय. मामीच्या कबरीवरचा बर्फ काढायला दर रविवारी आई जाते. पोस्ट मी बघतो, छप्पर मी बघतो. म्हणजे तुमच्या मागे सगळ्याची सोय झालेली आहे, आणि जिथे सगळी सोय झालेली असते तिथे माणूस कशाला परत येईल? राहता राहिली गाडी. ती गेली की तुम्हाला इकडे ओढणारं काही राहत नाही. या विचाराने मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी गॅरेजमधल्या त्या खोक्यासमोर जाऊन उभा राहिलो. कोणतं खोकं ते सांगायला नकोच. तुम्ही सोळा वर्षांपूर्वी मागवलेलं सुपरचार्जरचं किट, ‘सवड मिळाली की बसवू’ म्हणून ठेवलेलं. मामी तेव्हा म्हणाली होती, “लॅडी, मला किराण्याच्या दुकानात आहे त्याच वेगाने पोचायचंय,” आणि तिने त्यावर टोमॅटोच्या रोपांच्या कुंड्या मांडल्या, त्या शेवटपर्यंत. खोक्यावर कुंड्यांची तेवीस वर्तुळं उमटली आहेत. (काही एकमेकांवर आहेत, त्यामुळे एखाद-दुसरं कमीजास्त.) मी ठरवलं, गाडी जायचीच असेल तर निदान तुमच्या मनासारखी होऊन जाऊ दे. आईला मी असंच सांगितलं. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली.

गॅरेजमधली शेगडी धूर करते, म्हणून दार फूटभर वर ठेवावं लागतं. आपल्या गल्लीत गॅरेजचं दार फूटभर वर असणं म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. पहिल्याच दिवशी दाराखाली दोन रबरी बूट दिसले आणि त्यांच्या मागोमाग शेजारचे आर्वो निस्कालाकाका घडीची खुर्ची घेऊन वाकत वाकत आत आले. तेव्हापासून रोज तीन ते पाच काका आणि मोहरीचा सॉस लावलेला सॉसेजचा पाव, दोघंही हजर. त्यांनी चाळीस वर्षं कोळशाच्या धक्क्यावर क्रेन चालवली असल्याने खालच्या माणसाला सूचना देण्याची त्यांना सवय आहे. मी त्यांना नीट समजावलं, की हा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप आहे, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे पोट भरलेल्याला आणखी खायला घालायचं. हे माझ्या बायकोला मशीनशिवाय जमायचं, प्रोफेसर.” (ते मला प्रोफेसर म्हणतात. शाळा सुटली तेव्हापासून.)

कामात मी कसूर केली नाही. प्रत्येक नट आणि बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीचा क्रमांक वहीत. एकूण एकसष्ट पिशव्या झाल्या. किटच्या सूचनापुस्तिकेत शुद्धलेखनाच्या अकरा चुका निघाल्या, त्या पेन्सिलने दुरुस्त केल्या. चौदावं आणि पंधरावं पान टोमॅटोच्या पाण्याने चिकटलं होतं, ते किटलीच्या वाफेवर धरून सोडवलं. पण यादीतलं एक गॅस्केट काही मिळेना. चार भोकांची पातळ धातूची पट्टी. मी गॅरेज तीनदा पालथं घातलं, आर्वोकाकांनाही खुर्चीवरून उठवून बघितलं. शेवटी दुसरं मागवलं. ते यायला पाच दिवस लागले, आणि ज्या दिवशी आलं त्याच दिवशी सूप ढवळायला डाव घेताना मला जुनं सापडलं. तुमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर मामीचे चार डाव ज्या चकचकीत पट्टीला लटकवलेले आहेत, ती पट्टी. म्हणजे तिने कधीतरी ते खोकं उघडून आतलं सगळं बघितलं होतं आणि तुम्हाला न सांगता पुन्हा बंद केलं होतं. मी डाव परत टांगला. सूप तसंच न ढवळता प्यालो.

गाडीचं काम वाटलं त्याहून अवघड गेलं. पट्टा पहिल्यांदा उलट्या वाटेने घातला गेला. कूलंट बुटात गेलं, आणि त्या थंडीत गोठू नये असं जे द्रव्य बनवलंय ते पायाला किती थंड लागतं, हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं सोलली. (लिहायचा हात असल्याने अक्षर तिरकं आलंय, क्षमस्व.) तरी तुम्ही शिकवलेला नियम मी मोडला नाही. इंजिनाची हवेची तोंडं उघडी पडली की आधी चिंध्या कोंबायच्या, मग पुढचं काम. कारण उघडं भोक दिसलं की नट आपणहून तिकडे चालत जातो. तुमचा एक जुना लाल चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट कपाटाच्या तळाशी होता, एक कोपर फाटलेला. विचारायला हवं होतं. त्याचे मी सारखे तुकडे कापले. चार तुकडे चार तोंडांत, उरलेल्यांचा ढीग बाकावर. वहीत लिहिलं, ‘चिंध्या आत : ४’. नवीन भाग बसवायच्या दिवशी चिंध्या काढल्या, बाकावर ठेवल्या आणि मोजल्या. चार. वहीत खूण केली, तारीख घातली आणि त्या चारही अठ्ठावन्न नंबरच्या पिशवीत भरून ठेवल्या.

मागच्या मंगळवारी, साडेतीन वाजता, मी किल्ली फिरवली. आर्वोकाका उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं आणि मामा, त्या पंपाचा जो बारीक सूर निघाला, किटलीला वाफ धरावी तसा, तो तुम्ही ऐकायला हवा होता. मी तो साधारण चार सेकंद ऐकला. मग गाडी थरथरायला लागली. बॉनेट थडथडलं, फळीवरच्या खिळ्यांच्या बरण्या वाजल्या, मामीच्या रिकाम्या कुंड्या एकमेकींवर आपटायला लागल्या आणि त्यातली एक फुटली. मी किल्ली बंद केली. आर्वोकाका टोपी परत घालत म्हणाले, “आवाज छान आहे. कपडे धुवायचं मशीन असंच करतं, आत बूट राहिला की.”

मग मी एकेका सिलिंडरची ठिणगीची वायर काढून बघितली. पहिल्याची काढली, थरथर वाढली. दुसऱ्याची, चौथ्याची, तेच. तिसऱ्याची काढली तर काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा मुळातच मेलेला. जास्तीच्या हवेने पिस्टनला भोक पडलं असणार, असं माझ्या मनाने घेतलं. बुधवारभर मी त्या रिकाम्या खोक्यावर बसून होतो. माझ्या मनात आलं, की सोळा वर्षं हे यंत्र मामीच्या टोमॅटोंखाली निपचित होतं आणि गाडी धडधाकट चालत होती. ती गेली, तुम्ही गेलात, आणि तीन महिन्यांत मी, अकरावीतून सुटलेल्याने, उरलेली एक जित्ती वस्तूही मारली. आईने कोबी घातलेल्या हालुश्कीचं भांडं पाठवलं होतं. ते मी उघडलं नाही. आर्वोकाकांनी उघडलं. निघताना ते म्हणाले, “रडतोस कशाला? लॅडीने तर एकदा बर्फ फेकायच्या मशीनमध्ये स्वतःचं घड्याळ घातलं होतं. तो असता तर हसला असता.” मी म्हणालो, तेच तर, ते इथे नाहीत. खुर्चीची घडी घालायला आर्वोकाकांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

गुरुवार आणि शुक्रवारबद्दल मुख्य पत्रात लिहिण्यासारखं विशेष नाही.

शनिवारी सकाळी अकराला मिस्टर किर्श आले. माणूस सभ्य वाटला. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, बेडकाच्या डोळ्यांसारखे ते दिवे वर-खाली करून बघितले, आणि किल्ली फिरवली. बरण्या वाजल्या. त्यांनी घाईने बंद केली.

“हिला झालंय काय?”

“तिसरा सिलिंडर चालत नाही,” मी म्हणालो.

“का नाही चालत?”

“उघडल्याशिवाय चालणार नाही.”

“प्रोफेसर आहे तो,” आर्वोकाका खुर्चीवरून म्हणाले. “तो म्हणतो म्हणजे नाहीच चालणार.”

मिस्टर किर्श म्हणाले, की घरी त्यांची बायको आधीच या गाडीच्या विरुद्ध आहे. चालत नसलेली गाडी घेऊन गेलो तर तिचं म्हणणं खरं ठरेल. मी म्हणालो, बायकांचं म्हणणं बहुधा खरंच ठरतं, आणि आमच्या मामीचं उदाहरण दिलं. ते हात मिळवून गेले. मी त्यांच्याशी एकही खोटं वाक्य बोललो नाही, हे नमूद करतो.

तर अशी परिस्थिती आहे. गाडी आहे त्या अवस्थेत कुणी घेणार नाही. ती पुन्हा उघडावी लागेल, आणि तुम्ही शेजारी उभे नसताना मी ती उघडू नये, असं मला वाटतं. माझ्या हातून जे झालं त्याबद्दल तुम्ही रागवावं. पत्राने रागावलात तरी चालेल, पण समोर रागावलात तर जास्त नीट समजेल. गुडघ्याला जपावं. आईने आठवण सांगितली आहे.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक बाबतीत) भाचा,
एमिल

ता. क. आर्वोकाका विचारतात, रोज खुर्ची नेण्या-आणण्यापेक्षा ती तुमच्याच गॅरेजमध्ये ठेवली तर चालेल का. हेही लिही म्हणाले, की तुम्ही येणार असाल तर ते दोन खुर्च्या ठेवतील, कारण माझ्याशी बोलणं म्हणजे पत्रपेटीशी बोलणं.

ता. क. २. जुनं गॅस्केट मी भिंतीवरून काढलेलं नाही. डाव चारही जागेवर आहेत. सूचिपत्रात टोमॅटोचं पान आधीच दुमडलेलं निघालं. छापखान्यातच दुमडलं गेलं असणार. रोपं करायची तर दोन आठवड्यांत बी पेरायला हवं, आणि मला त्यातलं काही येत नाही.

ता. क. ३. गुरुवारबद्दल. त्या दिवशी मी अठ्ठावन्न नंबरची पिशवी उघडून चारही चिंध्या पुन्हा बघितल्या. तीन चिंध्यांवर तेलाचं वर्तुळ होतं. चौथीवर तेल नव्हतं, मोहरी होती. चिंध्या काढायच्या दिवशी आर्वोकाकांनी ढिगातली एक उचलून तोंड पुसलं होतं आणि बाकीच्यांशेजारी ठेवली होती, म्हणून मोजणी जुळली. मी त्यांच्याकडून नळ तपासायची कॅमेऱ्याची तार आणून आत घातली. तिसऱ्या तोंडात लाल चौकडा स्पष्ट दिसला. पिस्टन शाबूत आहे. चिंधी काढून सगळं परत जोडायला फार तर तीन तास. शुक्रवारी मी दिवसभर मोकळा होतो. त्या दिवशी मी गॅरेज झाडलं.

चिंधी अजून आतच आहे. शर्ट तुमचा आहे, मामा. येऊन काढावा.