इन्स्पेक्टरसाहेबांच्या वाक्यांची शेपटे

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, बाळीवेस, मार्गशीर्ष, शके १८४९

तीर्थरूप गुरप्पामामांच्या पायांवर भाचा सिद्रामप्पा डोके ठेवतो. (ते लवकर उचलणार नाही, वर बघायला तोंड राहिलेले नाही.) तुमची गुडघेदुखी, मामींचा खोकला आणि आडतीवरची गडबड कशी आहे ते कळवावे. आई बरी आहे. माझे विचारू नये.

तुम्ही चार माणसांत सांगितलेत, की माझी मास्तरकी कायम झाली तर सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर तुमच्या लेकीच्या, सुंदरम्माच्या, माझ्याशी अक्षता, नाहीतर करकंबच्या ऊसमळेवाल्यांचे स्थळ दाराशी उभेच आहे. माझे कायम होणे इन्स्पेक्टरसाहेबांच्या शेऱ्यावर होते. ते साहेब काल येऊन गेले.

आता थोडे इंग्रजी ऐकून घ्या, त्याशिवाय माझी दुर्दशा कळायची नाही. साहेबलोक नुसते वाक्य बोलून थांबत नाहीत, मागे एक प्रश्नाचे शेपूट सोडतात. 'इट इज हॉट' म्हणजे ऊन आहे, आणि लगेच 'इझन्ट इट?' म्हणजे नाही का? होकाराच्या वाक्याला नकाराचे शेपूट आणि नकाराच्या वाक्याला होकाराचे. (नवरा होय म्हणाला की बायकोने नाही म्हणायचे, असे मी पोरांना सांगितले. मामींना हे वाचून दाखवू नये.) विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, त्याला फक्त समोरच्याची मान हललेली हवी असते. आपली पोरे एरवीही 'होय की', 'चल की' असा प्रत्येक बोलण्यामागे 'की' लावतातच, तेव्हा त्यांना हे गोड लागले. आपल्याकडे पाढे घोकून घेतात तशी मी शेपटे घोकून घेतली. मी छडी वर करून वाक्य टाकायचे, साऱ्या वर्गाने एका सुरात शेपूट जोडायचे. पुढे पुढे छडीचीही गरज उरली नाही. तिथेच मी सावध व्हायला हवे होते.

साहेब पुण्याचे, पगडीवाले, आवाज घनगंभीर. खुर्चीवर बसून ते प्रसन्नपणे इंग्रजीत म्हणाले, ही शाळा चांगली आहे. लगेच चाळीस गळ्यांतून आले, 'इझन्ट इट?' साहेबांनी दचकून पगडी सावरली. मग म्हणाले, तुमच्या मास्तरांनी मेहनत घेतलेली दिसते. 'हॅझन्ट ही?' मी खिडकीशी उभा राहून हातवारे करत होतो, ती शाबासकी समजून पोरांनी आवाज चढवला. त्यात धुळा नावाचा धनगराचा पोरगा, त्याचा आवाज माळावर मेंढरे वळवून कमावलेला. साहेब लाल होऊन ओरडले, मी थट्टा करत नाही! 'ॲम आय?', म्हणजे करतो का मी, असे वर्गाने त्यांच्या वतीने त्यांनाच विचारले. मामा, व्याकरणाची एक चूक नव्हती हो! एवढी अचूक पोरे पाहून दुसऱ्या कोणी मला मिठी मारली असती.

साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले, मी इन्स्पेक्टर आहे! या वाक्याचे शेपूट अवघड असते, ते मी जत्रेनंतर शिकवणार होतो. वर्ग गप्प. साऱ्यांनी आशेने माझ्याकडे पाहिले. अडलेल्या वर्गाला हात द्यायची मास्तराची खोड कुठे जाते? माझ्या तोंडून खणखणीत निघून गेले, 'आरन्ट आय?' म्हणजे, इन्स्पेक्टर मीच, नाही का?

साहेब तडक उठून गेले. त्यांना टांग्याने पोचवून आलेला नागप्पा शिपाई म्हणाला, "मास्तर, सायब टांग्यात बी बोललं न्हाईत. लई लिवत हुते मातुर." काय लिहीत होते ते हेडमास्तरांनाही ठाऊक नाही. शेरा दौरा संपल्यावर लिहून येणार आहे. तोवर माझा जीव टांगणीला.

मामींना नमस्कार. मी खचलेलो नाही, काळजी नसावी.

आपला,
सिद्रामप्पा

ता. क. साहेबांचा पुढचा मुक्काम तुमच्या वैरागला आहे. गावात येणारा अंमलदार तुमच्याच पंगतीला बसतो. मामींच्या हातच्या शेंगापोळीवर तुपाची धार जरा सैल सोडावी, आणि तृप्तीची ढेकर आल्यावरच सोलापूरच्या शाळेचा विषय काढावा. मी भाचा असल्याचे बोलू नये. आणि ते काही म्हणाले तर घरात कोणीही 'की' म्हणू नये.

आणखी ता. क. शेरा वाईट आला तरी तुम्ही सुंदरम्माला करकंबला देणार नाही, द्याल का? असे शेपूट लावणाऱ्याला उत्तर ठाऊक असते असे मी वर लिहिले आहे. मामा, मला ठाऊक नाही.